वर्गाला विचारा

वंशभेदाचा धडा संपवून निमकर बाईंनी दहावीच्या वर्गाला विचारलं, "असं आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येतं का?" सगळ्या माना मिझोरामहून आलेल्या लालरेमीकडे वळल्या. तिचे कान तापले.

"बोल बाळा, घाबरू नकोस," बाई म्हणाल्या.

ती उठली. "मला काय विचारता बाई? मला 'चिनी' कोण म्हणतं, ते वर्गाला विचारा."

मग मागच्या बाकावरून सुजयने हात वर केला. त्याच्या शेजाऱ्यानेही केला. त्या दोघांची तिला सवय होती. ती ताठ उभी राहिली.

तेवढ्यात तिच्याच बाकावर बसणाऱ्या, रोज तिच्या डब्यातलं खाणाऱ्या मृण्मयीचा हात हळूहळू वर गेला. "तू नसतेस तेव्हा," ती पुटपुटली.

लालरेमी तेव्हा कुठे खाली बसली.