सडपातळ माणसासाठी सल्ला

"दादा, उद्या मुलगी बघायला जायचंय. काय घालू?" ओजसने चुलतभावाला, हेरंबला विचारलं.

कोणत्या अंगकाठीला कुठली कोरियन फॅशन शोभते, हे हेरंब व्हिडिओंतून हजारोंना सांगायचा. पण त्याच्या स्वतःच्या गोल अंगावर ते कपडे कधी खुलले नाहीत. उंच, सडपातळ ओजस मात्र नुसता उभा राहिला तरी नायक दिसायचा. शिवाय हेरंबला आजवर मुलींकडून नकारच आले होते.

"घट्ट काळा टी-शर्ट आणि तंग पँट," हेरंब म्हणाला. बारीक माणसाने हे चुकूनही घालू नये, असं तो स्वतःच सांगत आला होता.

दुसऱ्या दिवशी ओजस हसतच परतला. "मला बघून तिला हसूच आवरेना. 'बांबू दिसताय अगदी,' म्हणाली. मग मीही हसत सुटलो आणि आमचं तिथेच जमलं. साखरपुड्याचे कपडेही तूच सांग, दादा."

हेरंबने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सैल पांढरा शर्ट, वर मोकळा कोट, ढगळ पँट," तो म्हणाला. या वेळी सल्ला खरा होता. पण तो देताना हेरंबचं मन आधीपेक्षा जास्त जळत होतं.