अर्धा कोयता

"चरबी घालवायची का मसल वाढवायचं?" सोमेश्वरने विचारलं. परळीतल्या त्याच्या जिममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी हेच विचारायचा.

"मला दोन माणसांएवढं व्हायचंय," आश्रुबा म्हणाला.

जिममधली पोरं फिदीफिदी हसली. हसणारच. बेचाळिशीचा हा गडी धर्मापुरीकडून एसटीने आलेला, आणि चरबी म्हणाल तर त्याच्या अंगावर औषधालाही नव्हती.

पण आश्रुबा गंमत करत नव्हता. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच म्हणतात एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. मंजुळा गेल्या साली वारली आणि आश्रुबा अर्धा कोयता झाला. मुकादम धर्मराजने त्याला टोळीत घेतलंच नाही. दसरा झाला तसं सगळं गाव ट्रकात बसून निघून गेलं. मागे उरली म्हातारी माणसं, कुत्री आणि आश्रुबा. सहा महिने त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. तसलं एक साल पुन्हा काढावं लागलं असतं तर त्याला वेडच लागलं असतं.

म्हणून जिम. सोमेश्वरने बजावलं, "नुसतं खाल्लं तर चरबी चढंल, काका. नुसतं उचललं तर हाडं उरतील. दोन्ही इमानदारीनं करा."

आश्रुबाने केलं. बायको गेल्यापासून तो एका भाकरीवर राहिला होता, आता चार थापायला लागला. शिवाय भिजवलेले हरभरे, मूठमूठ शेंगदाणे, रोजची सहा अंडी. घास गिळवत नसे, तरी भिंतीकडे तोंड करून दोघांचं जेवण एकटा संपवायचा. चार महिन्यांत दंड भरले, छाती रुंदावली. शंभर किलोचा बार त्याने जमिनीवरून उचलला, तेव्हा त्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याला धर्मराजने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं, चल. पुऱ्या कोयत्याचं काम घेईन. पण ज्या दिवशी दुसऱ्याचा हात लागंल, त्या दिवशी तुला गावाकडं लावून देईन."

फडात आश्रुबाने कमाल केली. तोडायचा तोच, बांधायचा तोच, आणि मोळी एका हिसक्यात डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचाही तोच. आजूबाजूला मात्र प्रत्येक मोळीला दोघं वाकत. बाई मोळी उचलू लागे, गडी डोकं खाली देई, क्षणभर दोघांची तोंडं जवळ येत आणि काहीबाही बोलणं होई. मंजुळा न चुकता म्हणायची, "मान सांभाळा." दिवसातून शंभरदा. तेव्हा त्याला त्याचा वैताग यायचा.

पहिल्या दिवशी शेजारच्या सरीतला मुंजाजी हात द्यायला आला होता. धर्मराज लांबूनच ओरडला, "त्याला कशाला हात लावतो बे? त्यो एकटाच दोघायला भारी हाय!" मुंजाजी हसत माघारी फिरला. नंतर कुणी आलंच नाही. टोळीत चाळीस माणसं. सगळ्यांना त्याचं लई कौतुक, आणि एकाचंही त्याच्याशी काम नाही. गावात होता त्याहून तो इथे जास्त एकटा पडला.

नवव्या दिवशी दुपारी तो मोळीवर वाकला. धर्मराज बांधावर उभा राहून बघत होता. आश्रुबाने मोळी गुडघ्यापर्यंत आणली. हलकीच होती. त्याने ती परत खाली ठेवली.

"मुंजाजी," त्याने हाक मारली, "जरा हात लाव रे. एकट्याला उचलंना मला."