घुमटातली शिंक

“सांगितलं तर कुनाला खरं वाटायचं न्हाई,” वीरभद्रप्पा म्हणाला, “पर माजी एक शिंक विजापुरात आठ दिवस ऱ्हाऊन आली.”

संगप्पानं ताटावरची मान वर केली नाही. गिरणीतून येऊन जेवायला बसला होता. पाणी प्यायला तांब्या उचलला, तर पाणी भाकरीवर सांडलं आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. परवा चालत्या पट्ट्यात त्याची बाही गेली होती. सदरा फाटला, हात वाचला. डॉक्टर म्हणाले, औषध काही नाही, माणूस दमलाय. सुटीच्या दिवशी बायकोला घेऊन सोलापूरच्या बाहेर पड, हिंड, हस. पण संगप्पा होता फिटर. रविवारी गिरणीतली यंत्रं थांबतात आणि फिटरचं खरं काम तेव्हाच सुरू होतं. त्याच्या बापाची, वीरभद्रप्पाची, सगळी हयात त्याच कामात गेलेली. म्हाताऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

थापा मारण्यात वीरभद्रप्पाचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात आपण कोरड्या विहिरीत उतरून बादलीनं सावली उपसली, असं त्यानं सांगितलं होतं आणि चारचौघांनी माना डोलावल्या होत्या. पण आजची थाप गल्लीसाठी नव्हती.

“शिंक?” चुलीपुढून सून गौरम्मानं विचारलं.

“व्हय. ह्या संगप्पाचा जलम व्हायच्या आदीची गोष्ट. गोलघुमटाखाली हुबा हुतो. तितं एकदा बोललं की सात येळा ऐकू येतंय, ते समद्यांना ठावं हाय. माजी शिंक सुटली ती थांबंचना. गाडीची येळ झाली, तशीच सोडून आलो. फुडच्या रविवारी पुन्ना गेलो, तर राखणदार दारातच हुबा. म्हनला, मिस्त्री, तेवढी तुमची शिंक घिऊन जावा. आठवडाभर फिरतीया आत, कबुतरं अंडी घालंनात!”

गौरम्मा पिठाचा हात तोंडावर धरून हसली. संगप्पाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. म्हाताऱ्यानं तो बरोबर टिपला. यंत्र हलायला लागलं की मग थांबायचं नसतं.

“आन नळदुर्गाला? किल्ल्यात, बांधाच्या पोटातल्या पानीमहालात बसलो. वरनं धबधबा, आत थेंब न्हाई. आठवड्याचा शीण अंगावेगळा केला आन खिडकीत ठिवला. तेवढ्यात माकडानं पळवला. मग काय, ते माकड तितंच आडवं झालं. दोन पावसाळं उठलं न्हाई!”

संगप्पाला ठसका लागला. गौरम्मानं धावत जाऊन पाणी दिलं. पाणी पुन्हा भाकरीवर सांडलं, पण आता ते हसण्यानं.

“दर रविवारी जायचा तुमी, आप्पा?” संगप्पानं विचारलं.

“दर रविवारी. सायेब म्हनायचा, मिस्त्री, यंत्र बिघडलंय. म्या म्हनायचो, बिघडू द्या की. सोमवारपतुर कुटं पळून जातंय?”

हे वाक्य त्यानं उभ्या नोकरीत मनातल्या मनात किती वेळा म्हटलं होतं. आज ते तोंडातून निघालं, आणि किती सोपं निघालं.

उंबऱ्याशी सावित्रम्मा, त्याची बायको, शेंगा फोडत बसली होती. नवरा थापा का मारतोय ते तिला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. म्हणून ती खाली बघून टरफलं बाजूला सारत होती.

“जाऊ मग,” संगप्पा म्हणाला. गौरम्माचा भाकरीवरचा हात थांबला. “विजापूरलाच जाऊ. ह्या रविवारी न्हाई, दुरुस्ती घेतलीया. फुडच्या रविवारी. नक्की.”

गौरम्मा पुन्हा भाकरी थापायला लागली. पण म्हातारा हरखला होता.

“फुडच्या तर फुडच्या! घुमट काय हलत न्हाई. जाताना भाकरी मातर घरची बांधा. आमी काय करायचो, घुमटाखाली बसून हिच्या हातची कडक भाकरी सोडायचो. संगं शेंगाची चटणी. म्या भाकरी मोडली की कडाड्, सात येळा कडाड्! समदी मानसं वळून बघायची, आन ही आपली पदर तोंडाला लावून हासायची—”

“कंदी?”

शेंगांचा आवाज थांबला होता.

“कंदी हासले मी?” सावित्रम्मा म्हणाली. “गाडीत बसून मी हितनं जवळच्या होटगीच्या फुडं गेले न्हाई. आन होटगीला गेले ती बी थोरल्या भनीच्या मातीला.”

“अगं, गोष्ट हाय ती. पोरासाठी—”

“सुळ्ळु!” ती म्हणाली. खोट्याला खोटं म्हणायची वेळ आली की ती कानडीत यायची. मग नवऱ्याला सोडून तिनं मुलाकडं बघितलं.

“खोटं हाय हे, संगप्पा. हे बी फुडच्या रविवारीच म्हनायचे. कडक भाकरी महिनाभर टिकती, म्हनून मी दर खेपेला करून ठिवायची. महिना सरायचा. विजापूरच्या समद्या भाकऱ्या आमी हितंच बसून आमटीत कुस्करून खाल्ल्या. ल्हानपनी तू बी खाल्ल्यास की.”