कोबीची शिकवणी

"पाणी घाला म्हटलं, आंघोळ नाही घालायची त्याला!" पाओ-चू ओरडली.

तोवर थिएन-फूने अख्खा पेला कढईत उपडा केला होता. पानं पाण्यावर तरंगायला लागली. हा तिसरा घाणा. पहिल्या खेपेला लसणीचा कोळसा झाला. दुसऱ्या खेपेला नवऱ्याने मिठाऐवजी साखर घातली आणि वर चाखून "बरी लागतेय की" म्हणाला.

संध्याकाळी सहाला तिची गाडी होती. तिकडे शिन्चू शहरात तिची मुलगी बाळंत झाली होती, उद्या दवाखान्यातून घरी यायची होती. बाळंतिणीने महिनाभर गार पाण्यात हात घालायचा नसतो, आईने जायलाच हवं. पाओ-चूची बॅग दाराशी तयार होती. घोडं अडलं होतं ते या माणसापाशी. पोटाच्या ऑपरेशनपासून त्याला बाहेरचं खाणं बंद, आणि लग्नाला एकुणचाळीस वर्षं झाली तरी गॅस कुठल्या बाजूला फिरवतात ते माहीत नाही.

"भाताचं बटण दाबता येतं तुम्हाला. मासा खालची शेजारीण देणार आहे. एक कोबी, अहो, एक कोबी तेवढा करायचाय! पानं हाताने तोडायची, सुरी लावायची नाही. तेल तापलं की लसूण, लसणीवर कोबी, मोठा जाळ, घोटभर पाणी, मीठ. यात न कळण्यासारखं आहे काय?"

"मीठ किती ग्रॅम?"

"माझं डोकं फिरेल तेवढं!"

"मग राहू दे. मी बिस्किटं खाईन," थिएन-फू म्हणाला. "नाहीतर तू पुढच्या आठवड्यात जा."

पाओ-चूच्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ रागाचं. ओल्या बाळंतिणीने आठवडाभर काय करायचं? पण याला उपाशी टाकून तरी कसं जायचं?

तेवढ्यात रस्त्यावरून कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं. ती गाडी कुणासाठी थांबत नाही. तिने तिन्ही खेपांचा कोबी खरकट्याच्या बादलीत ओतला आणि धडाधड जिना उतरली. खाली शेजारणींनी गाठलं. नातू की नात, वजन किती, नाक कुणावर गेलंय. परत फिरायला चांगली पंधरा मिनिटं लागली.

जिन्यातच वास आला. नुकत्याच तांबूस झालेल्या लसणीचा.

दारातून तिने पाहिलं. थिएन-फू एका हाताने कढईला झोके देत होता आणि दुसऱ्या हाताने उलथणं चालवत होता. पाणी कढईच्या कडेने सोडलं, नेमकं घोटभर. मीठ चिमटीने टाकलं, न बघता.

"अहो."

तो जागच्या जागी थिजला.

"कुठे शिकलात हे?"

"फौजेत," तो मान खाली घालून म्हणाला. "चिनमेन बेटावर. दोन वर्षं भटारखान्यात होतो."

"एकुणचाळीस वर्षं मी इथे चुलीपुढे मरतेय आणि तुम्ही..." जेवायच्या काड्या उचलून तिने एक पान तोंडात टाकलं. कुरकुरीत, गोड. तिच्या हातच्यापेक्षा बरं झालं होतं, म्हणून ती आणखीच भडकली. "आणि मुद्दाम तीनदा नासवलात! पोरीला वाऱ्यावर सोडून मी इथेच बसावं म्हणून?"

त्याने गॅस बंद केला. कढई टेबलावर ठेवली. अख्खा गड्डा शिजवला होता त्याने, काठावरून पानं बाहेर पडत होती.

"तिथे तीनशे माणसं जेवायला असायची," तो म्हणाला. "एकट्यापुरतं करायला कुणी शिकवलंच नाही."

पाओ-चू त्या ढिगाकडे बघत राहिली. हातातली बादली तिने खाली ठेवली.

"पाव गड्डा," ती खेकसली. "एकट्याला पाव गड्डा पुरतो. उरलेला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा. आणि आता बघत काय उभे राहिलात? दोन वाडगे काढा."