दुमडलेला कान

गादीवर बसताच सम्राटानं आपल्या आत्तेभावाचा, मानिअसचा, शिरच्छेद करवला. रोममधल्या प्रत्येक शिळेवरून त्याचं नाव खरवडलं, त्याचे पुतळे उतरवले आणि त्याच्या आईनं रडायचंही नाही असा हुकूम काढला. ओप्पिया रडली नाही. चौकात सम्राटाचा नवा अर्धपुतळा बसला, तेव्हापासून ती रोज सकाळी पालखीतून येई, जांभळी फुलं वाही आणि टाचा उंचावून पुतळ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटे.

"पोटच्या पोराला मारलं त्यानं, आणि ही बया त्यालाच फुलं वाहते," फुलवाली आज मुद्दाम ऐकू जाईल अशी बोलली. "राजघराण्यातली माणसं ही. त्यांना कुठलं आलंय काळीज."

दासीला राहवलं नाही. "बाईसाहेब, उद्यापासून नका ना येऊ. ऐकवत नाही मला."

"बोलू दे गं त्यांना," ओप्पिया म्हणाली आणि तिनं पुतळ्याचा डावा कान हळूच कुरवाळला.

***

संगमरवर वाया जाऊ नये म्हणून शिल्पकारानं मानिअसचाच पुतळा तासून त्यावर सम्राटाचा चेहरा कोरला होता. जन्मापासून दुमडलेला तो कान तेवढा तासायचा राहून गेला होता.