शेवटच्या आंघोळीचा मान

गेलेल्या आईला आंघोळ घालायला चौथ्या दारातूनही कोणी बाहेर आलं नाही, तेव्हा तेरिमने स्वतःच पाणी तापत ठेवलं. पण एकटीला आईला कुशीवर वळवता येईना. तिचा बाप सनमक भिंतीला टेकून बसला होता. काखेत दुखतंय, एवढंच तो सकाळपासून म्हणत होता.

तेवढ्यात शेजारची सबीरा आपा बाह्या वर करतच आत शिरली. मागे पाण्याचे घडे घेऊन तिची नात युल्दुझ. पोरीला उंबऱ्याबाहेर थांबवून आपाने दारं लावून बसलेल्या समस्त धडधाकट बायकांचा एका दमात उद्धार केला. आपल्याला कसली भीती, म्हणाली.

"मला न्यायला मरण दोनदा आलं होतं. हिची बडबड कोण ऐकणार म्हणून परत गेलं."

तीन दिवसांत पहिल्यांदा तेरिमला हसू आलं. आणि लगेच रडू.

दोघींनी मिळून आईला न्हाऊ घातलं. काखेत अक्रोडाएवढी काळीनिळी गाठ होती. आपाने तिच्यावरूनही हळूच हात फिरवला, तान्ह्या बाळावरून फिरवावा तसा. केस विंचरले, त्यांच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे कपाळावर बोटाने क्रूस काढला. आता आई पुन्हा आईसारखी दिसायला लागली.

राहिला मान. आंघोळ घालणारीला मेलेल्या माणसाचं सगळ्यात चांगलं वस्त्र द्यायचं. आईकडे चांगला असा एकच कोट होता, मार्मोट या मांजराएवढ्या डोंगरी खारीच्या कातड्यांचा. यंदा डोंगरातले मार्मोट बिळात पळतच नाहीत, झिंगल्यासारखे पडून असतात, नुसत्या काठीने मिळतात, म्हणून सनमक केवढा खूश झाला होता! आईने कातडी जोडून कोट शिवला आणि मग तापातसुद्धा तो अंगावेगळा केला नाही.

तेरिमला तो हवा होता. त्यात तोंड खुपसलं की आईचा वास यायचा. दुसरं काही दिलं तर नाही का चालणार, तिने बापाला विचारलं. सनमकने डोळेही उघडले नाहीत. अख्ख्या गावातून जी एकटी आली तिला उरलंसुरलं द्यायचं का, एवढंच तो म्हणाला.

तेरिमने कोट झटकला, त्यातून उडालेल्या दोन-चार पिसवा हातावरून झाडल्या, घडी घातली आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

आपाने कोट घेऊन कपाळाला लावला. मग हळूच म्हणाली, आपल्या हाडांना आता कसली ऊब यायची. युल्दुझ मात्र उद्या तांड्याबरोबर तलासला सासरी निघणार होती, आणि तिला घालायला धड काही नव्हतं.

कोट युल्दुझला मोठाच झाला. तेरिमने तिच्या बाह्या दुमडल्या, गळ्याशी नाडी बांधली, सुटू नये म्हणून पुन्हा एकदा आवळली.

"वर घाटात फार गारठा असतो," ती म्हणाली. "पोचेपर्यंत काढू नकोस हं."