तिसरा आग्रह

"या वेळी माझा विचार करू नका. नव्या माणसाला संधी द्या," भाऊ माईकवर म्हणाले आणि मान खाली घालून खुर्चीत बसले. मान किती खाली घालायची हे त्यांना पाठ होतं. फार घातली तर लोकांना खरंच वाटतं. कमी घातली तर नाटक उघडं पडतं.

आता सभागृहातून ओरडा व्हायला हवा होता. पक्षाची रीतच तशी होती. इथे कुणी काही मागत नसे. ज्याला हवं असे तो नको म्हणे. लोक आग्रह करत, तो पुन्हा नको म्हणे, आणि तिसऱ्या आग्रहाला डोळे पुसत "तुमच्या शब्दाबाहेर मी नाही" असं म्हणून घेऊन टाके. भाऊ शाखेचे अध्यक्ष झाले ते असेच, आणि एकदा नव्हे, चारदा. आजही खिशात इस्त्रीचा रुमाल होता.

खरं तर सभा हा नुसता उपचार होता. निवडणुकीच्या तिकिटासाठी वरून भाऊंचंच नाव ठरलं होतं, आणि सकाळी फोनवर अभिनंदनही उरकलं होतं. भाऊंना ते तिकीट हवं होतं. लहान मुलाला दुकानातलं खेळणं हवं असतं तसं, लाज वाटावी इतकं हवं होतं. म्हणून तर आज त्यांनी नकार अंमळ जास्तच रंगवला. नेहमीचा किस्साही सांगितला. आमच्या घरात पदाची हाव कुणालाच नाही, एकदा पक्षाने आमच्या हिला तिकीट देऊ केलं होतं, हिने भर सभेत नको म्हटलं. ही तिसऱ्या रांगेत बसली होती. पक्षाची ती जुनी सभासद. किस्सा तिने मान हलवून ऐकून घेतला.

पण ओरडा झालाच नाही. टाळ्या झाल्या.

सभागृह नव्या चेहऱ्यांनी भरलं होतं. हे सगळे जिमवाल्याने आणलेले. चौकात त्याची जिम होती. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यासमोर उभं राहून तो फोनमध्ये ओरडायचा आणि शहरभर लोक ते बघायचे. 'हा बुडबुडा आहे,' असं भाऊंनी वरिष्ठांना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या बुडबुड्याने दोन महिन्यांत भराभर सभासद केले, आणि त्यांना पक्षाची रीत शिकवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. भाऊ नको म्हणाले, तर त्या बिचाऱ्यांना वाटलं की भाऊंना नको आहे.

"मानलं भाऊ तुम्हाला," मागून कुणीतरी म्हणालं. आवाजात खरा आदर होता. 

पहिला आग्रह करायचं काम खजिनदारांचं. ते उठलेही होते, पण शेजारच्या मुलीने त्यांची बाही धरली. "काका, बसा. त्यांच्या मनाचा मोठेपणा बघा जरा." खजिनदार बसले. भाऊंनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती. तिचे हात मांडीवर होते आणि तोंड बंद.

वरून आलेले निरीक्षक गडबडले. वाकून त्यांनी विचारलं, "भाऊ, नक्की ना?"

हा पहिला आग्रह, भाऊंनी मनात मोजलं. अजून दोन बाकी आहेत.

"नक्की," ते म्हणाले.

तेवढ्यात जिमवाल्याने माईक घेतला. "भाऊंना तिकीट नको आहे. मला पाहिजे. मला द्या."

त्या सभागृहात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. झोपेला आलेली जुनी मंडळीसुद्धा सावरून बसली. पुढे त्याने आठवड्यात बुजलेले खड्डे, महिन्यात पाणी आणि वर्षात सगळंच देऊ केलं, पण ते कुणी ऐकत नव्हतं. काम पहिल्या वाक्यालाच झालं होतं. निरीक्षकांनी हात वर करायला सांगितले, तेव्हा उदार नेत्याला शोभेल असा भाऊंचा हात सवयीने सगळ्यांच्या आधी वर गेला.

दोघं घरी निघाली. भाऊंना स्वतःचीच कीव येत होती आणि हसूही येत होतं. पाडायला विरोधक लागतो, गट लागतो, कट लागतो. आपल्याला आपला विनय पुरला. आणि तोही आरशासमोर आठवडाभर घोटलेला.

बायकोने चहा टाकला. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तू तरी बोलायचंस."

"काय बोलायचं?"

"आग्रह करायचा. एक शब्द बोलली असतीस तर खजिनदार उठले असते."

"तुम्ही नको म्हणालात."

"अगं, ते म्हणायचं असतं. मला हवं होतं." हे त्यांनी जन्मात पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.  "फार हवं होतं गं मला. तुला एवढंही कळू नये?"

तिने चहा गाळला. एक कप त्यांच्यासमोर ठेवला, एक स्वतःला घेतला आणि स्टुलावर बसली.

"कळतं की. मलाही हवं होतं तेव्हा," ती शांतपणे म्हणाली. "मी नको म्हटलं आणि वाट बघत बसले. तुम्ही माझ्या शेजारीच होतात. सगळ्यात आधी टाळी तुम्ही वाजवलीत."